वीस मिनिटांचा रकाना

— चौथा नाही मॅडम, पाचवा. आज पाचवा दिवस. तुमचा हिशेब चुकला असेल, माझा नाही चुकत, मी ह्याच बाकावर बसलेली आहे ना — सोमवारी सकाळी साडेआठला तुम्ही माझ्या रियाला ऑपरेशनआधीचं गुंगीचं औषध पाजलंत आणि आज शुक्रवार, तीन वाजून गेले. बसा. अशा उभ्या कशाला? त्या बाजूला नको, त्या बाजूचा पाय डुगडुगतो, इकडे बसा. मला माहीत आहे तुम्हाला वर यायला मनाई केलीय ते — सिस्टर बोलत होत्या आपसात, अक्षया मॅडमना सांगितलंय मुलीच्या माणसांसमोर जायचं नाही म्हणून. मी नाही कोणाला सांगणार. आमचे हे खाली गेलेत भाईंना आणायला. भाई म्हणजे आमच्या वाडीतले, पंचायतीत असतात, तक्रारीचे कागद-बिगद त्यांनाच कळतात. यायला वेळ आहे त्यांना. बसा हो, मी काय खाते तुम्हाला?

काचेतून बघितलंत ना तिला? नळीच दिसते, ती कुठे दिसते! मला आत सोडतात दिवसातून दोनदा, डोक्याला टोपी घालून, दहा मिनिटं. आत पण आकडा लिहितात मॅडम, तुम्ही लिहायचात तसाच. सिस्टर येते, हाक मारते — रिया, ए रिया — मग नखावर पेन दाबते, डोळ्यात बॅटरी मारते, आणि कागदावर काहीतरी लिहिते. मी विचारलं, काय लिहिलंत? म्हणाली, तीन. कितीपैकी? पंधरापैकी. मला वाटलं, असूदे, तीन तर तीन, उद्या चार होतील, परवा पाच होतील, पोरांचं हळूहळूच वाढतं सगळं. दुसऱ्या दिवशी पण तीन. काल पण तीन. तेव्हा मीच धीर करून म्हटलं, सिस्टर, तीनच्या खाली तर नाही ना गेलं, म्हणजे बरंच म्हणायचं ना? तिनं बॅटरी खिशात टाकली. मग म्हणाली, ताई, तीनच्या खाली आकडाच नसतो.

रडू नका. तुम्ही रडलात तर मी काय करू? — हा घ्या, पदर नको, रुमाल आहे, धुतलेला आहे. केवढ्या आहात तुम्ही? अठ्ठावीस? बघा, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या. माझ्या सासूबाई म्हणतात, ह्या एवढ्याशा पोरीच्या हातात आमचं चेडू दिल्यानी — चेडू म्हणजे मुलगी. त्यांना काय, त्या काहीही बोलतात. मी सांगितलं त्यांना, मोजून दिलं हो औषध, माझ्या डोळ्यांदेखत. आणि दिलंतच तुम्ही मोजून. रियाला काट्यावर उभी केलीत, चपला काढायला लावल्यात — मी म्हटलं चपलांचं काय वजन असणार, तर तुम्ही म्हणालात, ताई, किलोवर असतं हे, पावशेरानं पण फरक पडतो. मग त्या पिचकारीत ओढलंत, उजेडात धरलंत, एक थेंब जास्त आला तो परत काढलात, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलंत. एवढं कोण करतं? भाई म्हणतात डोस जास्त झाला, प्रयोग केल्यानी आमच्या पोरीवर, उद्या चौकशीत लावून धरायचं, पोलिसात पण द्यायचं. करूदेत त्यांना काय ते. पण मी मनात म्हणते, डोस कसा जास्त होईल? आणि दहा मिनिटांत एवढी गुंगी काय नुसत्या त्या औषधानं थोडीच येणार होती —

काय? — काय म्हणाले मी? काही नाही म्हणाले. सहज आपलं. झोप नाही ना पाच दिवस, जिभेला वळण राहत नाही. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे.

मी तुमच्या अभ्यासाच्या त्या कागदाबद्दल बोलत होते. तुम्ही मला समजावलं होतंत ना — एक म्हणजे रडतंय ओरडतंय, दोन म्हणजे जागं पण घाबरलेलं, तीन म्हणजे शांत, चार म्हणजे पेंगुळलेलं आणि पाच म्हणजे झोपलं. दर दहा मिनिटांनी बघायचं आणि लिहायचं. मला आवडलं होतं ते, खरंच. सातवीत शाळा सोडली मी, पण कागद कळतो मला. आणि दहा मिनिटांनी तुम्ही आलात, रियाच्या पापण्या बघितल्यात, हात उचलून सोडलात, आणि त्या दुसऱ्या डॉक्टरांना म्हणालात — दहा मिनिटांत चार! किती खूष झाला होतात तुम्ही. ते म्हणाले, वा. मला — आता सांगायला लाज वाटते — मला असं वाटलं की पहिला नंबर आला तिचा. बांद्याची ती मुलगी, हर्नियावाली, ती अजून रडत होती, दोनवरच होती. आणि माझी चार. तिच्या आईकडे बघून मी हसले पण.

तुम्हाला वाटत असेल, ही बाई येडी आहे. नाही हो. तुम्हाला आधीचं माहीत नाही, तुम्ही नव्हतात मे महिन्यात. मे महिन्यात आम्ही आलो होतो ह्याच ऑपरेशनला. रियाच्या घशातल्या गाठी इतक्या वाढल्या होत्या की गिळताना मान वर करायची, कोंबडी पाणी पिते तशी. आणि घोरायची — चार वर्षांचं पोर, पण ह्यांच्या होडीच्या इंजिनासारखं घोरायचं. हे मालवणला टुरिस्टांना होडीतून नेतात, पाण्यात डोकं घालून मासे बघायला, ते म्हणायचे आमचा याक इंजिन समुद्रात, याक घरात. तर मे महिन्यात आलो, भर सीझनात होडी किनाऱ्याला लावून आलो. सांगितलं होतं रात्री बारानंतर काही द्यायचं नाही. पण पहाटे ती उठली आणि रडायला लागली, आये माका भूक लागली, आये माका भूक लागली — मी थर्मासमधली पेजेची निवळ दोन घोट पाजली. पेजेतलं वरचं पाणी हो, शीत एक नाही त्यात. पेज म्हणजे काय खाणं झालं? आमच्याकडे आजाऱ्याला तीच देतात. आणि सकाळी तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं, काही दिलंत? मी सरळ सांगितलं, हो, दोन घोट निवळ. खरं सांगितलं, मॅडम. ऑपरेशन रद्द.

सगळ्या वॉर्डासमोर हे ओरडले — तुका याक पोर उपाशी ठेवूक जमणा नाय? तू आवस की कोण? आवस म्हणजे आई. सगळ्या बायका बघत होत्या. घरी गेलो तर सासूबाईंनी शेजारी सांगितलं, शेजारणीनं वाडीभर केलं. कोणाच्या हळदीकुंकवाला गेले तरी कोणीतरी असायचंच — काय गो प्राजक्ता, पेज व्हयी काय? आणि हसायच्या. मी पण हसायचे, काय करणार? आणि ह्यांनी सांगितलं, पुढल्या वेळी काही झालं तर रियाला घेऊन मी एकटा जातलंय, तू माहेराक जा. पुढची तारीख मिळायला दिवाळी गेली. तोवर रात्री काय व्हायचं ते मलाच माहीत. घोरता घोरता एकदम थांबायची. मी मोजायचे — एक, दोन, तीन, चार — सहा झाले की ढोसायचे तिला, मग ती खस्सकन श्वास घ्यायची, कूस बदलायची आणि परत सुरू. रात्रीत वीस वेळा, पंचवीस वेळा. माझा हात तिच्या छातीवरच असायचा, मी झोपले तरी हात जागा असायचा.

म्हणून ह्या वेळी मी एक घोट पाणी दिलं नाही तिला. देवाशपथ नाही. रविवारी रक्त घेताना केवढी ओरडली ती, तुमच्या सिस्टरला चावली, चौघींनी धरली — आणि सिस्टर म्हणाली, सकाळी पण असंच केलंन तर कसं व्हायचं? परत रद्द केलं तर? मी विचारलंच तुम्हाला, आठवतं का, रडली तर ऑपरेशन करत नाहीत का? तुम्ही हसून म्हणालात, म्हणून तर औषध आहे ताई. पण मला काय खात्री? ते औषध लागतं की नाही लागत तेच तर तुम्ही मोजत होतात ना? सगळ्यांना लागलं असतं तर मोजलं कशाला असतं?

जायफळ माहीत आहे ना तुम्हाला? तुमच्या साताऱ्याकडे दुकानात मिळत असेल, आमच्या परड्यात, घरामागं, झाड आहे, माडाच्या सावलीत. रिया तान्ही असताना सासूबाई रोज संध्याकाळी सहाणेवर दोन वेढे उगाळून चाटवायच्या — दोन वेढे दी गो, चेडू गप निजतला. माझ्या सासूबाईंनी पाच पोरं निजवली तशीच, त्यांच्या सासूनं त्यांची निजवली. कोणाला काही झालं? कोणाला काही नाही झालं. आणि ते काय खाणं नाही, पिणं नाही. बोटभर मधात चाटण. पोटात जाऊन पोचतसुद्धा नाही, जिभेवरच —

हो. दिलं.

दोन वेढे. दोनच. — तान्ह्या पोराला दोन, मग साडेचार वर्षांच्या पोराला चार तरी नको का? तुम्ही पण वजनावरच देता ना? मी पण तसाच विचार केला. फक्त सहाण नव्हती. सहाण कुठे आणणार दवाखान्यात, जायफळ पिशवीच्या कप्प्यात टाकून आणलं होतं मी, असूदे म्हणून. मग खालच्या कॅन्टीनमधून चिनी मातीचा कप घेतला. चहा प्यायले आणि कप वर घेऊन आले, बाथरूममध्ये गेले, कडी लावली, आणि कप उलटा करून बुडावर — त्या बुडाला खरखरीत कडं असतं बघा गोल, तिथे उगाळलं. तिथे वेढा म्हणजे किती ते कळेना. सहाणेवर चंदनासारखं येतं, मऊ, नखावर मावतं. इथे भुसा पडायला लागला. मी म्हटलं, हे काही बरोबर नाही, हे पातळ नाही झालं, अजून थोडं. बाहेरून कोणीतरी कडी वाजवत होतं. मी मोजायला लागले ते विसरले, परत पहिल्यापासून मोजले. मग बघितलं तर जायफळ अर्धं राहिलं होतं हातात.

अर्धं, मॅडम. एवढं. सगळं मधात कालवलं आणि चाटवलं तिला. कडू लागलं तिला, थुंकत होती, मी नाक धरलं. म्हटलं, खा गो बाय, शेवटचं, आता तुला डॉक्टर काही करणार नाहीत. मग तासाभरानं तुम्ही आलात.

तुम्ही विचारलं होतंत, हो. मी नाही कुठे म्हणते? तीनदा विचारलंत. खायला काही? नाही. पाणी? नाही. आणि तिसऱ्यांदा — ते मला रात्रंदिवस ऐकू येतं — तिसऱ्यांदा तुम्ही रियाच्या गालाला हात लावून म्हणालात, घरगुती काही? गुटी, काढा, चाटण, काही? शब्द काढून विचारलंत, चाटण. आणि हे तिथेच उभे होते, खाटेच्या पायथ्याशी, माझ्याकडे बघत. मे महिन्यात बघत होते तसेच. मी म्हटलं, नाही हो, काहीच नाही. आणि तुम्ही म्हणालात, शहाणी आई आहे. मला शहाणी कोणी म्हटलं नव्हतं आजवर.

मग तुम्ही ते पिवळं औषध दिलंत, ती म्हणाली ह्या गोड आसा, आणि तुम्हाला तिनं विचारलं — तुझो फुगो माका देतलंस? तुम्ही हातमोज्याचा फुगा केला होतात ना, पाच बोटांचा. तो आहे अजून पिशवीत, हवा गेली त्याची. आणि दहा मिनिटांनी चार. मग तुम्ही तिच्या बोटाला लावलेला तो मशीनचा चिमटा काढून घेतलात, श्वास मोजायचा — दुसरा बिघडला होता, बांद्याच्या मुलीला हवा होता. म्हणालात, ही तर छान झोपलीय, वीस मिनिटांचं बघायला येते, तोवर हलवू नका, उठवू नका हं ताई, नाहीतर आकडा चुकेल.

मी नाही हलवलं. घोरत होती माझ्या मांडीवर, मोठमोठ्यानं. बांद्याच्या मुलीची आई हसली पण, काय घोरते म्हणून. आणि मग घोरणं थांबलं. मी मोजलं, सवयीनं — एक, दोन, तीन, चार, पाच, सहा — माझा हात उचलला होता मॅडम. हात उचलला होता ढोसायला. आणि मग म्हटलं, नको. उठवायचं नाही सांगितलंय. आकडा चुकेल. आणि मनात म्हटलं, किती बरं वाटतंय हिला, आज घोरायची पण थांबली, आज खरी झोपली माझी बाय. वर्षभरात पहिल्यांदा शांत. मी तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. किती वेळ? मला नाही माहीत. तो एकच हिशेब मला नाही माहीत. तुम्ही कागद घेऊन आलात तेव्हा तिचे ओठ बघून तुम्ही ओरडलात, तेव्हा मला कळलं. तुमच्या हातातनं कागद पडला तो मी उचलला. वीस मिनिटांचा रकाना कोराच होता. मी घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि मग सिस्टरला दिला, घाबरून.

आता सांगितलं तर काही उतारा असतो का ह्याला? जायफळाला? म्हणजे तिला ह्याच्यावर म्हणून काही सुई, काही — नाही ना. मान हलवू नका नुसती, तोंडानं सांगा. — नाही. पाच दिवसांत ते उतरूनच गेलं असणार, मेंदूला हवा मिळाली नाही त्याचं काय करणार. मोठे डॉक्टर पण तेच म्हणाले. मग मी सांगून कोणाचं काय होणार? रियाचं नाही. माझं? माझं तर — तुम्ही ह्यांना ओळखत नाही. हे मारणार नाहीत. मारतील त्याची नाही भीती मला. हे काही बोलणारच नाहीत, जन्मभर. सासूबाई म्हणतील, मी दोन वेढे सांगलेलंय. आणि रस्त्यानं जाताना बायका — पेज नाही विचारणार त्या आता. आता गप्पच होतील मी दिसले की.

तुम्ही तरी काय सगळं सांगितलंत का? बोटाचा चिमटा काढून घेतलात ते? उठवू नका म्हणालात ते? ते कोणी ऐकलं नाही, मी एकटीच होते. नाही ना सांगितलंत? — काय? लिहून दिलंत? कधी? सोमवारीच? सगळं? अहो, पण कशाला? मग तुमचं तर — मग उद्या ते तुम्हाला ठेवतील तरी का? तुमचं शिक्षण —

माझ्याकडे असं बघू नका. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला परत काहीतरी मिळेल कुठेतरी. तुम्हाला सोसेल खरं बोललेलं. मला एकदाच सोसायला लावलं, मे महिन्यात, दोन घोटांचं. हे अर्ध्या जायफळाचं आहे. मी विचार करत होते, खरंच करत होते — तुम्ही येऊन बसलात तेव्हा वाटलं, आता हिला सांगावं, ही लिहून घेईल, हिच्या कागदात चारच्या पुढे लिहील की हा आकडा औषधाचा नव्हे. तुमचा अभ्यास तरी बरोबर होईल. दुसऱ्या पोरांना तरी — उद्या सकाळी चौकशीला मी —

थांबा. जिन्यावर हे आहेत. भाईंचा आवाज आहे. उठा. उठा ना हो, मॅडम, माझा हात सोडा. मी काही बोलले नाही तुमच्याशी. ऐकलंत? मी काही दिलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत तरी कोण विश्वास ठेवणार आहे, तुमच्यावरच तर आहे सगळं. रुमाल राहूदे, घेऊन जा. माफ करा मला, बाय माझी — हात सोडा म्हणते ना —

ओ! ओ, हय बगा! भाई, ह्यो बगा कोण इलेत! ह्याच त्या डॉक्टरीण, ह्येंनीच दिल्यानी ता औषद! आता इलेत माका गप करूक, माज्याकडसून कायतरी वदवून घेवक! माज्या चेडवाक तुमीच निजवलात, आता तुमीच उठवा! — बगतास काय? जावा हयसून! जावा म्हणतंय ना!